हेळवाक ते प्रचितगड : मागच्याच्या चालीने

कराडहून चिपळूणकडे जाणारी एसटी पाटणमार्गे हेळवाकला पोचते. तिथून दक्षिणेला रामघळ, भैरवगड, पाथरपुंज, प्रचितगड आणि शेवटी कोकणात शृंगारपूर, अशी सह्याद्रीच्या माथ्यावरून जाणारी ही जुनी, दमदार वाट आहे. चढ फार छातीवर येत नाहीत, पण जंगल दाट आणि वस्ती विरळ. इथे ट्रेक फसतो तो बहुधा एखाद्या कड्यापाशी नाही, तर दुसऱ्या दिवशी दुपारी, दमलेल्या माणसांच्या आपापसातल्या कुरबुरींनी.

आधी परवानगी
कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. ही वाट त्याच जंगलातून जाते. त्यामुळे जुन्या ट्रेकवर्णनांवर विसंबून निघू नका. वन्यजीव विभागाच्या हेळवाक परिक्षेत्रात आधी चौकशी करा. कोणता टप्पा खुला आहे, वाटाड्या कोण आणि मुक्कामाला मुभा आहे का, हे लेखी घ्या. मुक्काम नाकारला तर एका दिवसात जाऊन परत येण्याजोगाच टप्पा करा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. पाथरपुंज राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत मोडतं. पावसाळ्यात इथे धुकं, जळवा आणि फुगलेले ओढे असतात. फेब्रुवारीनंतर पाणवठे आटू लागतात.

सराव दातेगडावर
नवख्या गटाने आधी पाटणजवळच्या टोळेवाडीहून दातेगड करावा. दरवाजाशी खडकात कोरलेले गणपती-मारुती आणि तलवारीच्या आकाराची खोल विहीर पाहायला मिळते. पाठीवर मात्र मोठ्या ट्रेकची भरलेली सॅक असू द्या. बूट कुठे चावतो, कोणाचा गुडघा उतारावर कुरकुरतो, हे एसटी स्टँडपासून जवळ असतानाच कळलेलं बरं.

अडचणी आल्या तर
*फोड :* टाच गरम लागायला लागली की लगेच थांबा आणि चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर तो फोडू नका.

*पायात गोळे :* पाणी, मीठ-साखर आणि दहा मिनिटं सावली. गोळे आलेल्याच्या सॅकमधलं जड सामान न विचारता वाटून घ्या. विचारलं की माणूस ‘नको, मी ठीक आहे’ असंच म्हणतो.

*वाट हरवली :* कारवीत ढोरवाटा फसवतात. शेवटच्या ओळखीच्या खुणेपाशी सगळ्यांनी मिळून मागे या. ‘मी पुढे बघून येतो’ म्हणून कोणालाही एकट्याला सोडू नका.

*गवा किंवा अस्वल :* अंतर ठेवून थांबा, जनावराला निघून जायला जागा द्या. शिट्ट्या, फटाके, फोटोसाठी जवळ जाणं टाळा. मोहोळाखाली धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

सोबत जमवायची कशी
सहा ते आठ जण पुरे. सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्यामागे सर्वांत हळू चालणारा, शेवटी सर्वांत कणखर. मागच्याला धापा टाकत गाठायला लावणं आणि तो पोचताच पुन्हा निघणं, ही गट फुटण्याची हमखास रीत आहे. तो टेकला, पाणी प्यायला, मगच उठा.

अनोळखी माणसं ट्रेकमध्ये भेटत असतील तर आदल्या रात्री एकत्र जेवा. प्रत्येकाची औषधं आणि भीती निदान दोघांना माहीत हवीत. धनगरवाड्यावर गेलात तर आधी हाक मारा, कुत्री आवरेपर्यंत थांबा. वाटेची, पाण्याची खरी खबर तिथेच मिळते. दूध-भाकरी मिळाली तर पैसे आवर्जून द्या, कचरा मागे ठेवू नका. वाटाड्या म्हणाला ‘आज पुढं नको’, तर चर्चा तिथेच संपवा.

माघार आधीच ठरवा
निघण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा. किती वाजेपर्यंत भैरवगडला पोचलो नाही तर परतायचं, परतायचं कुठून आणि आजाऱ्यासोबत कोणते दोघे जाणार. कोकणात दुर्गवाडीकडे उतरणारी वाट वाटाड्याला आधीच विचारून ठेवा. या कागदाची एक प्रत घरी, एक वनरक्षकाकडे द्या. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. ती मिळताच ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा.

सोबत उतरायची नावं आधी ठरलेली असली की आजाऱ्याला ओशाळं वाटत नाही आणि उरलेल्यांना रुखरुख लागत नाही. प्रचितगड पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असेल, फक्त तेव्हा हीच माणसं पुन्हा एकत्र निघायला हवीत.