तिजोरीतून निघालेला पैसा कुठे थांबतो?

‘काका, ऑनलाइन आहे सगळं, तिथेच बघा.’ जिल्ह्यातल्या एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाला टेबलाटेबलावर हेच उत्तर मिळाले. तिथे बघूनच तर तो आला होता. वित्त विभागाच्या ‘बीम्स’ प्रणालीवर तीस-चोपन्नच्या, म्हणजे ३०५४ मार्ग व पूल या लेखाशीर्षाच्या, निधीपुढे वितरण दिसत होते, खर्चही दिसत होता आणि दोन्ही आकडे जवळपास जुळत होते. प्रशासकीय मान्यतेच्या यादीत त्याच्या गावच्या रस्त्याचे नाव होते. गावात मात्र खडीचा एक ढीगही पडलेला नव्हता.

यामागचे कारण गुप्त नाही. समजावून सांगायला दोन मिनिटे पुरली असती.

राज्याच्या लेख्यांमध्ये कोषागारातून अनुदान निघाले की ते खर्ची पडते. ते जिल्हा परिषदेकडे गेले, महामंडळाकडे गेले किंवा स्वीय प्रपंजी खात्यात पडून राहिले, तरी पडद्यावर खर्चच दिसतो. जिल्हा परिषदेला तो निधी वापरायला पुढचे आर्थिक वर्षही मिळते. त्यामुळे मार्चअखेर आकडे झपाट्याने फुगतात आणि रस्ते आहेत तिथेच राहतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षे हेच येते: अनुदाने वाटली, उपयोगिता प्रमाणपत्रे आली नाहीत, शेवटच्या महिन्यात खर्चाची घाई झाली. हे अहवाल विधिमंडळात मांडले जातात आणि त्यानंतर कोणालाही वाचता येतात. ते वाचून आलेल्या माणसाला ‘तुम्हाला लेखाशीर्षातलं काय कळतं?’ असे भर कार्यालयात विचारणे हा उद्धटपणा आहे. लेखकाने तो ऐकून घेतला, विसरलेला नाही.

माहिती अधिकारातला अर्ज साधा होता. या रस्त्याचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पाने आणि ठेकेदाराला दिलेली देयके, एवढेच मागितले होते. उत्तरादाखल जाड पाकीट आले. आत बीम्सच्या त्याच पानांच्या छापील प्रती होत्या. ज्या आकड्यांवरून प्रश्न सुरू झाला तेच आकडे, पानाला २ रुपये घेऊन, जनमाहिती अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यासह परत पाठवले होते. सोबत एक ओळ: ‘काम प्रगतिपथावर आहे.’ पाने उलटता उलटता सारे लख्ख कळले. लोकांना हिशेब दिसावा म्हणून उभारलेली यंत्रणा इथे हिशेब न देण्याची सबब झाली होती.

नंतर प्रत्यक्ष धारिका पाहायला मिळाली. निधी मिळाल्याचे पत्र त्यात होते. कार्यारंभ आदेश नव्हता. मोजमाप पुस्तिकेचा तर प्रश्नच नव्हता. काम प्रगतिपथावर असल्याचे लेखी कळवणारे अधिकारी समोरच बसले होते आणि मान वर न करता फोनवर बोलत राहिले.

या वाटेने जाणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच माहीत करून घ्याव्यात. बीम्सवरून सुरुवात जरूर करावी, पण तिथला खर्चाचा आकडा काम झाल्याचा पुरावा मानू नये. मागणी क्रमांक, लेखाशीर्ष आणि उद्दिष्ट टिपून घ्यावे. उद्दिष्ट ३१, सहायक अनुदाने, असे दिसले की पैसा दुसऱ्या संस्थेकडे गेला आहे आणि पुढचा प्रश्न त्या संस्थेला विचारायचा आहे, हे ओळखावे. शासन निर्णयाच्या शेवटी छापलेला संकेतांक लिहून ठेवावा, म्हणजे ‘असा निर्णयच नाही’ हे उत्तर टिकत नाही.

अर्जात ‘खर्चाची संपूर्ण माहिती’ मागू नये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. मोघम मागणीला मोघम उत्तर येते. कागदांची नावे घेऊन ते मागावेत. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून पोच घ्यावी. त्याहून उपयोगी ठरते ती सोमवारची वेळ. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. त्याची प्रत सोबत न्यावी, कारण टेबलापलीकडे तो पुष्कळदा ‘माहीत नसतो’. संयम ठेवावा, कागद सांभाळावेत, एकट्याने जाऊ नये.

खरे तर नागरिकाला एवढे हेलपाटे पडायलाच नकोत. अंदाजपत्रक आणि दिलेल्या रकमांचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करणे हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) प्रमाणे कार्यालयाचे कर्तव्य आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाईत हजेरीपट गावासमोर वाचून दाखवले. तिथल्याच सरकारने २०१९ मध्ये जनसूचना पोर्टल सुरू केले. २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून केलेली कामे आणि दिलेल्या रकमा पाहता येतात. मग राज्याच्या निधीतल्या प्रत्येक कामापुढे गाव, ठेकेदार, मोजमाप आणि देयकाची तारीख दाखवायला अडचण कसली? ही सारी माहिती कुठल्या ना कुठल्या टेबलावर नोंदलेली असतेच.

उत्तराने समाधान झाले नाही, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील आणि त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. त्यासाठी उत्तराचे पाकीटही जपावे. लेखकाच्या पहिल्या अपिलाच्या सुनावणीत कार्यालयाने उत्तर मुदतीत पाठवल्याचे ठासून सांगितले. टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पुढची निघाली. मुदत टळली की कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते. अपिलीय अधिकाऱ्यांनी तारीख मान्य केली. छापील पानांचे घेतलेले पैसे मात्र अजून परत आलेले नाहीत.