प्रत्यारोपणानंतरचा उमरा आणि ‘इस्तिताअत’

जुमाच्या नमाजनंतर एक तरुण माझ्याकडे आला. पाच महिन्यांपूर्वी आईने त्याला आपले मूत्रपिंड दिले होते. तिला घेऊन रमजानमध्ये उमऱ्याला जाण्याचा त्याचा मानस होता. “इमामसाहेब, अल्लाहच्या घरी जातोय. रोजामुळे गोळ्या थोड्या मागेपुढे झाल्या तर काय बिघडते?”

हा तवक्कुल नव्हे. सूरह आले-इमरानच्या ९७ व्या आयतीत हज्जचे कर्तव्यदेखील सामर्थ्य असणाऱ्यावरच आहे. फुकहांनी या ‘इस्तिताअत’मध्ये आरोग्यही धरले आहे. उमरा तर हनफी मतानुसार सुन्नत आहे. त्यासाठी आईने दिलेली अमानत पणाला लावता येत नाही.

प्रत्यारोपित अवयवाला शरीर परकाच मानते. गोळ्या त्याचा विरोध दाबून ठेवतात. टॅक्रोलिमसची गोळी बहुधा दर १२ तासांनी घ्यावी लागते. मक्केचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. नागपुरात रात्री आठला घेतलेली गोळी तेथे साडेपाचला, म्हणजे मगरिबच्या आधी, रोजातच येते! आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरहच्या १८५ व्या आयतीत आहे. ती नाकारण्यात कसली परहेजगारी? वेळ बदलायचीच तर डॉक्टरांना विचारून.

पहिले वर्ष दूरचा प्रवास टाळावा, असे डॉक्टर सहसा सांगतात. पुढे जाल तेव्हा औषधे, काही दिवसांचा जादा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा. मेनिंजायटिसची लस जिवंत जंतूंची नसते, ती घेता येते. जिवंत जंतूंची लस मात्र वर्ज्य. वस्तऱ्याची जखम टाळायची तर केस कापून घेणेही जायज आहे.

आम्हा नागपूरकरांना उन्हाचा मोठा अभिमान! परंतु २०२४ च्या हज्जमध्ये मस्जिदे हरामच्या परिसरात पारा ५१.८ अंशांवर गेला आणि १,३०० हून अधिक लोक दगावले. पाणी कमी पडले की पहिला घाव नव्या मूत्रपिंडावर बसतो. पैगंबरांवर (स.) अंतिम हज्जमध्ये सहाबांनी कापडाची सावली धरल्याचे उम्मुल हुसैन (रजि.) सांगतात, छत्रीची लाज नको.

आणि हज्जे-बदलची घाई करू नका. ज्याची असमर्थता कायमची आहे, त्याच्यासाठी ती वाट आहे. बरे होत असलेल्याने थांबावे.

त्या तरुणाने आपले तिकीट रद्द केले. आई मामांसोबत जाऊन आली.