समीकरणाचा ताळा

वाशीमहून रिसोडमार्गे पश्चिमेकडे निघालात, की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. तेथील सरोवराचे पाणी खारे. उन्हाळ्यात ते आटले, की काठावर खार साचतो. पूर्वी लोक हा खार गोळा करीत. (आता सरोवर संरक्षित असून २०२० पासून रामसर यादीतही आहे, तेव्हा नमुना म्हणूनसुद्धा खार उचलू नका!)

ट्रोना हे अशाच खाराचे खनिज. त्याच्या एका एककात सोडियमचे ३, कार्बनचे २, हायड्रोजनचे ५ व ऑक्सिजनचे ८ अणू असतात. ते तापवले, की धुण्याचा सोडा (सोडियम कार्बोनेट), कार्बन डायऑक्साइड व पाणी मिळते. हे समीकरण संतुलित कसे करावे?

पुष्कळ विद्यार्थी ऑक्सिजनपासून सुरुवात करतात आणि फसतात, कारण तो सर्वच पदार्थांत आहे. उजवीकडे एकाच पदार्थात असलेले मूलद्रव्य शोधा. ते सोडियम. ट्रोनात ३, सोड्यात २. दोहोंचा लसावि ६. म्हणून ट्रोना २ व सोडा ३. आता डावीकडे कार्बन ४ झाले. त्यांपैकी ३ सोड्यात गेले, उरला १. म्हणजे कार्बन डायऑक्साइड १. हायड्रोजन १०, म्हणून पाणी ५.

२ ट्रोना → ३ सोडा + १ कार्बन डायऑक्साइड + ५ पाणी

ऑक्सिजन आपण ताळ्यासाठी राखून ठेवला होता. डावीकडे १६; उजवीकडे ९ + २ + ५ = १६. ताळा जुळला. या आकड्यांना व्यवहारातही अर्थ आहे. रेणुभार घेऊन पाहा: ४५२ किलो शुद्ध ट्रोनापासून ३१८ किलो सोडा मिळतो, बाकीचे वायू व वाफ होऊन जाते.

मात्र ताळा जुळावा म्हणून सूत्राच्या आतील आकडा कधीही बदलू नये. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा आणखी एक अणू घातलात, तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड होईल. ते पिता येत नाही.

आता स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्यूटेन घ्या. त्यात ४ कार्बन, १० हायड्रोजन.

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

२ ब्यूटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

अणू मोजून पाहा, दोन्ही संतुलित आहेत! यांतले कोणते घडेल, हे संतुलनावरून कळत नाही. बंद खोलीत हवा अपुरी पडली, की काही गॅस दुसऱ्या वाटेने जळतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीवघेणा आहे. गॅस पेटवताना खिडकी उघडी ठेवा, ती या चार ऑक्सिजन रेणूंच्या फरकासाठी.

गॅसमधील दुसरा घटक प्रोपेन: ३ कार्बन, ८ हायड्रोजन. त्याच्या पूर्ण ज्वलनाचे समीकरण तुम्ही वहीत मांडा. ऑक्सिजनचे ५ रेणू आले, तर उत्तर बरोबर.