शिडांची जहाजे आणि खलाशांच्या पायऱ्या

पिंपळगाव बसवंतपासून समुद्र दूर असला, तरी येथील कांदा व द्राक्षे न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जातात. माल जहाजावर चढला, की तो पोहोचविणाऱ्या माणसांचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातील शिडांची जहाजे व त्यांवरील हिंदी खलाशी यांची थोडी ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

त्या काळी मुंबईची गोदी जगभर नावाजलेली होती. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मलबारच्या सागवानाची भक्कम जहाजे येथे बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही त्यांची युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. बांधणाऱ्यांचे नाव इतिहासात राहिले. हाकणाऱ्यांचे मात्र राहिले नाही.

मुंबईहून कापूस व अफू घेऊन जहाजे चीनकडे जात. सारा प्रवास मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असे. वादळात डोलकाठीवर चढून शिडे आवरणे, हे खलाशाचे नित्याचे काम. जहाजावर पायऱ्या ठरलेल्या होत्या. खलाशांचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली टिंडल, मग साधे खलाशी. सुकाणू धरणारा सुकाणी, स्वयंपाक करणारा भंडारी आणि सर्वांत खाली झाडलोट करणारा टोपस. जमिनीवरील उच्चनीचता अशी समुद्रावरही गेली.

भरती बहुधा सारंगामार्फत होई. आगाऊ उचल घेतलेला खलाशी जहाजावर पाय ठेवण्यापूर्वीच कर्जात अडके. त्याला गोऱ्या खलाशापेक्षा पुष्कळच कमी पगार मिळे. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने तर हिंदी खलाशांना ब्रिटिश खलाशांच्या बरोबरीचे मानण्यास नकार दिला. परतीचे जहाज न मिळाल्याने कित्येक जण लंडनच्या रस्त्यांवर निराधार होत. अशांसाठी तेथील लाइमहाऊस भागात १८५७ साली आश्रयगृह उघडावे लागले.

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटींचे राज्य आले आणि शिडे मागे पडली. पायऱ्या मात्र तशाच राहिल्या. शिडे आवरणारे हात आता भट्टीत कोळसा टाकू लागले.

असे का झाले? कष्ट आणि धैर्य यांत हिंदी खलाशी कोणाला हार जाणारा नव्हता. पण नकाशा वाचणे, सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून जहाजाचे स्थान गणिताने काढणे, ही अधिकाऱ्याची विद्या त्याच्यापर्यंत पोहोचू दिली गेली नाही. १९२७ साली मुंबईत 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर हिंदी मुलांना ती पद्धतशीर शिकविली जाऊ लागली. तेथून बाहेर पडलेले तरुण पुढे कप्तानाच्या जागेपर्यंत पोहोचले.

पालकहो, निवासी शाळेत मुलगा गणिताचे उदाहरण सोडवीत बसतो, तेव्हा त्यामागील ही किंमत आपण ध्यानी घ्यावी. श्रमाने जहाज चालते. ते कोणत्या दिशेला न्यावे, हे ठरविण्याचा अधिकार विद्येने मिळतो.