रात्रीचा मुक्काम किती मीटरवर?

स्पितीच्या सहलीचं माहितीपत्रक एव्हाना तुमच्याही हाती आलं असेल. कोणत्या सकाळी पोहे, कोणत्या सकाळी उपमा, श्रीखंड कधी आणि गुलाबजाम कधी, हे त्यात तारीखवार छापलेलं असतं. हिमालयात गेलं तरी आपल्याला वरणभातावर तूप लागतं, हे आपल्या सहल कंपन्यांनी केव्हाच ओळखलंय. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. काझ्याच्या थंडीत वाफाळती आमटी पुढ्यात आली की माणूस कंपनीचे सगळे गुन्हे माफ करतो. तक्रार आहे ती त्या पत्रकात नसलेल्या एका रकान्याबद्दल. आज रात्री आपण किती उंचीवर झोपणार, हे कुणीच छापत नाही.

स्पितीची फेरी दोन बाजूंनी करता येते. एक वाट सिमल्याहून सतलजच्या काठाने किन्नौरमार्गे जाते, दुसरी मनालीहून कुंझुम खिंड ओलांडून. दोन्हीकडे गावं तीच, मठ तेच, रात्रीही तेवढ्याच. पण पहिल्या वाटेने निघालात तर सराहनला साधारण २२०० मीटर, सांगल्याला २७००, कल्प्याला २९६०, ताबोला ३२८० आणि मग काझ्याला ३६५० मीटरवर झोपता. शरीराला रोज थोडंथोडं चढवत नेणारी ही वाट आहे. चंद्रताल सरोवर अगदी शेवटी येतं, तोवर विरळ हवेची सवय झालेली असते. मनालीहून मात्र गोष्ट वेगळी. मनाली २०५० मीटरवर. तिथून निघून त्याच संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत शिरलात, तर एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त उंची गाठलेली असते.

डॉक्टर मंडळींचा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर हजार मीटरला एक रात्र जादा काढावी. दिवसा वर जाऊन आलात तर एवढं बिघडत नाही, कस लागतो तो झोपेत. म्हणून मी मुक्कामाच्या उंचीबद्दल इतकं टुमणं लावलंय.

आमची बॅच उलट्या दिशेची होती. कारण निघाल्यावर कळलं, तेही चहा पिता पिता चालकाकडून. आधीची बॅच सिमल्याहून चढून मनालीला उतरली होती आणि गाड्या तिथेच उभ्या होत्या. त्या सिमल्याला रिकाम्या पाठवायच्या कशाला, म्हणून पुढची बॅच मनालीहून. पत्रक तेच, किंमत तीच, गावांची नावं फक्त खालून वर लावलेली. हिशेबाच्या वहीत हे अगदी चोख बसतं.

मनालीत एक रात्र काढून सकाळी अटल बोगदा पार केला. पलीकडे कोकसर, मग ग्राम्फूपासून रस्ता नावापुरता. दगडगोटे, चिखल आणि आडवे येणारे नाले. बातलच्या ढाब्यावर राजमा-चावल खाताना सगळी मंडळी खुशीत होती. नाशिकचे एक निवृत्त बँकवाले काका आणि त्यांच्या सौभाग्यवती आमच्याच गाडीत होते. काका भाकरवडीचा डबा मांडीवर घेऊन बसलेले. दर तासाला झाकण उघडायचं, मोजून एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवायची, मागणाऱ्याला दुसरी नाही.

संध्याकाळी तंबूंपाशी पोचलो तेव्हा बहुतेकांचं डोकं ठणकत होतं. काका जेवायला आले नाहीत. काकू म्हणाल्या, "यांना गार लागलंय." टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला एक हसतमुख मुलगा. त्याने पॅरासिटामॉल दिली, आल्याचा चहा पाठवला आणि "काका, झोपा, सकाळी एकदम फ्रेश!" असं सांगून तो दुसऱ्या तंबूकडे वळला. त्याला कुणी यापेक्षा जास्त शिकवलंच नव्हतं. रात्री दहाच्या सुमारास काका बाहेर जायला उठले आणि त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. नाडी हातात धरून ते तिच्याकडे नुसते बघत होते. चालायला लागले तर झोकांड्या जाऊ लागल्या. आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी काकांना टाचेला बोट लावत सरळ रेषेत पाच पावलं टाकायला सांगितली. दुसऱ्याच पावलाला तोल गेला.

ही साधी परीक्षा प्रत्येकाने शिकून घ्यावी. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची पहिली पायरी. एवढ्यावर थांबलं तर त्याच उंचीवर विश्रांती घ्यावी, वर जाऊ नये. पण तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज येतेय असं समजावं. बसल्या जागी धाप, सतत खोकला, फेसाळ थुंकी हे फुप्फुसात पाणी भरत असल्याचं लक्षण. या दोन्हींवर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. सकाळची वाट बघायची नाही.

टूर मॅनेजर फोन लावू पाहत होता. चंद्रतालला त्या रात्री कुणाच्याच मोबाइलला रेंज नव्हती. निर्णय घेतला तो चालकाने. तो स्पितीचाच. काकांकडे एकदा बघून म्हणाला, "नीचे ले चलते हैं, अभी पानी कम है." त्याच्या बोलण्यातली खोच दुसऱ्या दिवशी कळली. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नाले फुगतात. रात्रीच्या गारठ्यात तेच नाले ओसरतात. काझ्याकडे नेणं शक्य नव्हतं, कारण त्या बाजूला उतरायला आधी ४५०० मीटरच्या वरच्या कुंझुमवर चढावं लागतं. म्हणून आलो त्याच रस्त्याने परत. बातल, छत्रू, कोकसर. सिस्सूपाशी उजाडलं, उंची सुमारे ३१०० मीटर. तिथे काकांनी स्वतःहून चहा मागितला, आणि भाकरवडीचा डबा कुठाय म्हणून विचारलं. ते ऐकून काकू पहिल्यांदा रडल्या. बोगद्यातून मनालीला पोचून डॉक्टरांच्या ताब्यात दिलं. काका आज ठणठणीत आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये तो नऊ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. त्याआधी असं आजारी माणूस घेऊन मनालीला उतरायचं म्हणजे पुन्हा ३९७८ मीटरवरचा रोहतांग चढून जाणं आलं.

औषधांबद्दल थोडं. डायमॉक्सच्या गोळ्या पुष्कळ जण घेतात आणि त्यांचा उपयोगही होतो. मात्र त्या आपल्या डॉक्टरांना विचारून, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या असतात. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये. या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. इथे एक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. या रस्त्यावर स्वच्छतागृहं नाहीत आणि स्पितीत आडोशाला झाडही नाही. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, दुपारी डोकं दुखायला लागतं, आणि दोष उंचीला. गाडी दर दोन तासांनी नीट आडोसा बघून थांबवायची, हे टूर मॅनेजरच्या कामात लिहिलेलं असायला हवं. ऑक्सिजनचे ते हलके डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वर थांबू नये. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा कमी दिसला म्हणूनही घाबरू नये, काझ्याला तो सगळ्यांचाच कमी दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या काही रात्री वर्ज्य.

काकांना खाली नेण्याच्या धावपळीत आमचा एक दिवस गेला, आणि पुढची सहल तो भरून काढण्यात गेली. काझ्याला पोचल्यावर निम्मी मंडळी हॉटेलात झोपून होती. उरलेल्यांना एका दिवसात की गोंपा, किब्बर, चिचमचा पूल, लांग्झा, हिक्कीम आणि कोमिक! हिक्कीमच्या टपाल कार्यालयापुढे ४४०० मीटरवर पोस्टकार्डांसाठी रांग, कोमिकला 'सर्वांत उंच गाव' असं लिहिलेल्या पाटीखाली फोटोसाठी रांग. जगातलं सर्वांत उंच अमुक आणि तमुक गोळा करत फिरण्याचा हा नाद आपल्याला कुठून लागला कोण जाणे. त्यापेक्षा की गोंपात दोन तास बसलो असतो तर बरं झालं असतं. तिथल्या काळ्याकुट्ट स्वयंपाकघरात भिक्खू पाहुण्यांना काढ्यासारखा चहा देतात. आम्ही तो उभ्या उभ्या प्यायलो, कारण खाली गाडीचा हॉर्न वाजत होता.

मन खरं खट्टू झालं ते ताबोला. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला, गुगेचा राजा येशे ओ याने स्थापन केलेला. त्याला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. आपण अजिंठ्याच्या मुलखातली माणसं, त्यामुळे सगळ्यांचे कान टवकारले गेले. पण अजिंठा कातळात कोरलेलं, आणि हे सगळं मातीचं. बाहेरून बघाल तर गोठ्याच्या भिंती वाटाव्यात. आत पाऊल टाकलं की आधी काहीच दिसत नाही. मिट्ट काळोख, तुपाच्या दिव्यांचा वास. डोळे सरावायला वेळ लागतो, आणि मग भिंतीतून एकेक आकृती पुढे येऊ लागते. माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती भिंतीवर उंच, अधांतरी बसवल्यासारख्या, आणि त्यांच्या खाली-वर सगळी चित्रं. मधोमध चारी दिशांना तोंड केलेला वैरोचन. मी टॉर्चचा उजेड एका भिंतीवर सावकाश फिरवत होते. एका बोधिसत्त्वाच्या वस्त्रावरची बारीक वेलबुट्टी नुकती दिसू लागली होती, तोच दारातून हाक आली, "चला, जेवण लागलंय!" ताबोसाठी आम्हाला पुरता अर्धा तासही मिळाला नाही. हजार वर्षांची चित्रं आणि बाहेर पनीरची भाजी निवते म्हणून घाई. त्या सभागृहात फोटो काढायला बंदी आहे, हे एका परीने चांगलंच. निदान तेवढा वेळ सगळे भिंतींकडे बघतात.

मठांत आपले लोक वाईट वागत नाहीत, नुसते गडबडीत असतात. प्रदक्षिणा देवळातल्यासारखीच उजवीकडून घालायची. प्रार्थनाचक्रंही त्याच दिशेने फिरवायची, आणि वाटेतल्या मणी दगडांची रास आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. चपला, टोपी बाहेर. मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, चित्राला बोट लावायचं नाही, लहान भिक्खूंना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो घ्यायचा नाही. बोलण्याचा आवाज मात्र आपला जरा जास्तच असतो, तेवढा आवरावा.

मोसमाचंही बघा. स्पिती पर्जन्यछायेत आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे ऊन असतं, असं विक्रेते सांगतात. ते खरंच आहे. पण स्पितीत पोचायचा रस्ता किन्नौरच्या पावसातून जातो. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ दरड कोसळून एका गाडीतल्या नऊ पर्यटकांचा जीव गेला. जूनचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर बरा, आणि कार्यक्रमात एक दिवस कोराच ठेवलेला असावा. ज्या कार्यक्रमात असा दिवस नाही, तिथे रस्ता बंद पडला की चालकाला रात्री गाडी हाकायला लावतात. तुमच्या घरातल्या अमेरिका-कॅनडाच्या पाहुण्यांकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर किन्नौर-स्पितीच्या सीमेलगतच्या टप्प्यासाठी त्यांना वेगळा परवाना काढावा लागतो. तो रेकाँग पिओला मिळतो, त्यासाठीही वेळ धरावा लागतो.

आता पैसे भरण्याआधी कंपनीला एक पत्र किंवा मेल टाका. त्यात विचारा की आमची बॅच सिमल्याहून चढणार की मनालीहून. प्रत्येक मुक्कामाची उंची मीटरमध्ये द्या म्हणावं. रात्री कुणी आजारी पडलं तर खाली नेण्याचा निर्णय कोण घेणार, चालक आणि गाडी तंबूपाशीच असणार का, त्या फेरीचा खर्च कुणाचा, हेही विचारा. फोनवरच्या "काळजीच करू नका मॅडम"वर जाऊ नका, उत्तर लेखी मागा. मनालीहून चढणारी बॅच असेल आणि दुसरीच रात्र चंद्रतालला असेल, तर तारीख बदलून घ्या. ते जमत नसेल, तर दुसरी कंपनी बघा.