सदऱ्यांची निगा : टांगावे कसे आणि ठेवावे कसे

वस्त्र अंगावर असताना ते नीटनेटके दिसावे, याची काळजी आपण सर्वच घेतो. परंतु अंगावरून उतरल्यावर त्याचे काय होते, याचा विचार फार थोडे लोक करतात. शाळेचा पांढरा सदरा दिवसाकाठी सात-आठ तास अंगावर असतो. उरलेला सारा वेळ तो खुंटीवर, दांडीवर, पेटीत किंवा कपाटात काढतो. सणावारी घालावयाचा सदरा तर वर्षातून चार-पाच वेळाच बाहेर निघतो. तेव्हा सदरा किती वर्षे टिकेल, हे तो कसा वापरला यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच तो कसा ठेवला यावरही असते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. शिवकालीन राज्यव्यवस्थेत जे अठरा कारखाने सांगितले आहेत, त्यांत तोफखाना आणि दारूखाना यांच्या पंक्तीला जामदारखानाही आहे. जामदारखाना म्हणजे मौल्यवान वस्त्रे सांभाळण्याचे खाते. अठराव्या शतकात पवार घराण्याबरोबर माळव्यात येऊन ज्या मराठी कुटुंबांनी धार व देवास येथे बिऱ्हाडे थाटली, त्यांच्या पदरी जामदारखाना कोठून असणार? पण घरोघरची कपड्यांची पेटी हा त्या कुटुंबाचा लहानसा जामदारखानाच होय, आणि त्याचे कारभारी आपणच आहोत.

या कारभारात पहिला विचार करावा लागतो तो हवेचा. माळव्यात चैत्र-वैशाखात कोरडे, तापलेले वारे वाहतात व काळ्या मातीची बारीक धूळ घरात भरते. पुढे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळी दमट हवा असते. या हवेकडे दुर्लक्ष केल्यास मोलाची वस्तूही न वापरताच निकामी होते. प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली देवास थोरली पाती या संस्थानच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्यांनी राजवाड्यातील नव्या पियानोंची अवस्था वर्णिली आहे. कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकल्या होत्या आणि ते वाजेनासे झाले होते. उन्हाळ्याने लाकडाची ही गत केली, तर कापडाचा खरा शत्रू पावसाळा आहे.

सुती धागा हवेतील ओलावा शोषून घेतो. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ असताना सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या शेकडा ८ इतके पाणी धरून ठेवते आणि तरीही हाताला कोरडेच लागते. आर्द्रता शेकडा ७० च्या वर जाऊन तेथेच राहिली, म्हणजे कापडावर बुरशी धरू लागते. म्हणून नुकताच इस्त्री केलेला, वाफ न गेलेला सदरा लगेच कपाटात कोंडू नये. तो अर्धा तास उघड्यावर टांगून ठेवावा. घामाचा सदरा तर धुतल्यावाचून आत जाताच कामा नये, कारण घामाचे डाग जुने झाले म्हणजे पिवळे पडतात आणि मग साबणालाही दाद देत नाहीत. कपाट कोणतेही वस्त्र सुधारीत नाही. मळका सदरा आत ठेवला तर अधिक मळकट, ओलसर ठेवला तर बुरशीचा, असाच तो बाहेर येतो.

आता टांगण्याविषयी. टांगलेल्या सदऱ्याचा सारा भार खांद्यांवर येतो. तो खिळ्यावर किंवा खुंटीवर अडकविला, तर सगळे वजन कॉलरच्या एका बिंदूवर पडते, तेथे कापडाला फुगा येतो आणि दमट दिवसांत खिळ्याच्या गंजाचा डाग पडतो. हा डाग सहसा निघत नाही. यासाठी हँगर लाकडाचा किंवा जाड, गुळगुळीत असावा आणि त्याची टोके सदऱ्याच्या खांद्याच्या शिवणीपाशी संपावीत. टोके पुढे गेली तर बाहीला पोक येतो. अलीकडे राहिली तर खांदा ओघळतो. टांगताना गळ्याचे बटण व मधले एक बटण लावावे, म्हणजे कॉलर ताठ राहते व पुढची पट्टी वाकडी होत नाही. दोन सदऱ्यांमध्ये दोन बोटांचे अंतर ठेवावे. दाटीवाटीने कोंबलेल्या कपड्यांची इस्त्री मोडते आणि त्यांमधून हवाही खेळत नाही.

सर्वच कपडे टांगावयाचे नसतात. विणलेला लोकरी स्वेटर टांगला तर आपल्याच वजनाने लांबतो; त्याची घडीच घालावी. सदरे अधिक आणि जागा थोडी असेल, तर नित्याचे सदरे टांगावेत आणि क्वचित लागणारे घडी घालून ठेवावेत. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून ती दुसऱ्या रेषेवर घालावी, म्हणजे एकाच जागी धागा झिजत नाही. झाकण्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा धुतलेल्या जुन्या धोतराचे फडके बरे, कारण त्यातून हवा जाते-येते.

रंगीत वस्त्रांना उजेडापासूनही जपावे लागते. धार जिल्ह्यातील बाघ येथील खत्री कारागिरांची छपाई सर्वत्र नावाजलेली आहे, आणि तिला २००८ साली भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली. तिच्यातील लाल रंग तुरटीच्या साह्याने व काळा रंग लोखंडाच्या गंजापासून साधतात, आणि त्यासाठी कापड पुनःपुन्हा धुवावे, उकळावे व वाळवावे लागते. एवढे श्रम ज्यात ओतले, तो सदरा खिडकीच्या उन्हात महिनोन्‌महिने लोंबत ठेवून विटविणे हा त्या कारागिराचाही अनादर आहे.

राहिली कसर. लोकर आणि रेशीम कुरतडणारी असते ती पतंगाची अळी; उडणारा पतंग स्वतः काही खात नाही. स्वच्छ सुती सदऱ्याला तिच्यापासून सहसा भय नसते. परंतु खळ घातलेला सदरा दीर्घकाळ ठेवला, तर त्या खळीसाठी चंदेरी कसर त्यावर येते. म्हणून हंगामभर न लागणारे सदरे खळ व इस्त्री न करताच ठेवावेत. पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, कपाट रिकामे करून पुसावे, कपडे झटकून त्यांना ऊन दाखवावे. कडुलिंबाचा पाला ठेवावयाचा असल्यास पूर्ण वाळवून पुरचुंडीत बांधावा. हिरवा पाला डाग पाडतो.

पुष्कळ घरांत याऐवजी डांबराच्या गोळ्या टाकतात, आणि येथे एक सूचना प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. त्यांची वाफ कापडात मुरते. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. ज्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा उपद्रव होता, तेथील लोकांत हा दोष अधिक आढळतो. अशा अर्भकाला गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यात गुंडाळले, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात व तीव्र कावीळ होते. अशी अर्भके दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या जुन्या, मऊ सदऱ्यांची आणि लुगड्यांची दुपटी शिवण्याची प्रेमळ चाल आहे. तिच्यापायी बाळाला इजा होऊ नये, यासाठी बाळाच्या वस्त्रांत, आणि पुढे ज्यांची दुपटी व्हावयाची त्या कपड्यांत, या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. लहान मुले त्यांना पेपरमिंट समजून तोंडात घालतात, हाही धोका आहेच.

विद्यार्थिमित्रांनो, हे काम आईवर किंवा ताईवर सोपविण्यासारखे नाही. आपला सदरा आपण वाळवावा, आपणच टांगावा, आणि पेटीत डांबराची गोळी दिसली तर ती कशासाठी नको, हे घरात समजावून सांगावे. नीट राखलेला सदरा पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या अंगावर जातो, आणि अखेरीस जीर्ण झाल्यावर त्याच घरातील बाळाला निर्धास्तपणे ऊब देतो.