मधुर रसाचे पर्याय : साखर, गूळ व कृत्रिम मधुरके

कोल्हापूर परिसरातील मधुमेही रुग्ण दोन प्रश्न हमखास विचारतात. साखरेऐवजी गूळ चालेल का, हा पहिला. चहात शुगर-फ्री गोळी टाकल्यास अपाय होईल का, हा दुसरा. दोन्हींचा विचार एकत्रच करणे योग्य ठरते.

शास्त्रीय भूमिका

चरकाचार्यांनी मधुर रस धातुवर्धक व बल्य मानला आहे. मात्र त्याच्या अतियोगाने स्थौल्य, आलस्य, अतिनिद्रा व अग्निमांद्य उत्पन्न होते, असेही सांगितले आहे. चिकित्सास्थानातील प्रमेहहेतूंमध्ये गुळाच्या विकृतींचा स्पष्ट समावेश आहे. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु १० ग्रॅम गुळातून सुमारे ३८ व तेवढ्याच साखरेतून सुमारे ४० कॅलरी मिळतात. प्रमेही रुग्णासाठी हा फरक नगण्य आहे.

कृत्रिम मधुरकांची सुरक्षितता

सॅकरिनचा शोध १८७९ सालचा. उंदरांमधील मूत्राशयाच्या अर्बुदांमुळे १९७७ नंतर अमेरिकेत त्यावर इशारा छापला जाई; ती यंत्रणा मानवास लागू नसल्याचे दिसून आल्यावर २००० साली तो काढण्यात आला. अस्पार्टेमला जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मर्यादित पुराव्याच्या आधारे ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात घातले. त्याच वेळी अन्नमिश्रकांच्या तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा कायम ठेवली. ६० किलोच्या व्यक्तीस ती २४०० मिलिग्रॅम होते. चहातील दोनचार गोळ्या त्याच्या फारच खाली राहतात. फिनाइलकीटोनयुरियाच्या रुग्णास मात्र अस्पार्टेम वर्ज्य आहे.

तथापि निरुपद्रवी म्हणजे हितकर नव्हे. वजन नियंत्रणासाठी मधुरके वापरू नयेत, असे संघटनेने मे २०२३ मध्ये सुचविले. ही सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही, हे ध्यानात ठेवावे.

औषधनिर्मात्यांसाठी

आसवारिष्टांत गूळ, साखर वा मध केवळ चवीसाठी नसतात. संधानक्रियेत किण्वाचे ते खाद्य असते. सुक्रालोज घातल्याने संधान होणार नाही. अवलेहातील साखर घट्टपणा देते व जलांश बांधून कल्प टिकवते. ती काढल्यास सॉर्बिटॉलसारखी द्रव्ये व परिरक्षके घालावी लागतात, आणि अधिक मात्रेत सॉर्बिटॉल रेचक ठरते. म्हणून ‘साखरविरहित’ कल्पाच्या वेष्टनावर पर्यायी द्रव्याचे नाव ठळक असावे व विक्रेत्याने ते ग्राहकास सांगावे.

चिकित्सकाने लक्षात ठेवावे

१) मधुमेही : गोळी हा गोडाची सवय सुटेपर्यंतचा आधार मानावा. गूळ साखरेइतकाच मोजावा.

२) मधुमेह नसलेला स्थूल रुग्ण : पर्याय देण्यापेक्षा गोडवाच क्रमाने कमी करावा. साखरेची उष्मांकातील वाटणी १० टक्क्यांखाली, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात ५० ग्रॅमपेक्षा कमी असावी.

३) बालके : गोळीची वा सरबताची सवय लावू नये.

४) इन्सुलिन वा रक्तशर्करा घटविणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण : घाम, कंप, भ्रम अशी लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास, १५ ते २० ग्रॅम ग्लुकोज वा साखर तत्काळ द्यावी. शुगर-फ्री गोळीने रक्तशर्करा वाढत नाही. खिशात केवळ तीच गोळी बाळगणाऱ्या रुग्णाच्या जिवावर हा गैरसमज बेतू शकतो. म्हणून प्रत्येक औषधपत्रावर ही सूचना स्वतंत्र लिहावी.

मधुर द्रव्य कोणते, याबरोबरच कोणाला, किती व कशासाठी, हा विचार केल्यासच पथ्य सार्थ होते.